दादाचं खातं गोठवलंय. बँक म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात बँकेत जा

कातळावरची | 9 मे, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आलीय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा दादा रत्नागिरीजवळ आंब्याचं करतो. घरची दीडशे कलमं आणि दोन बागा खंडाने घेतलेल्या. पाच-सहा वर्षं झाली, वाशीला माल घालणं कमी करून थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, यूपीआयवर पैसे, दुसऱ्या दिवशी पेटी ट्रान्सपोर्टला. 24 एप्रिलला सकाळी खोकीवाल्याला पैसे पाठवायला गेला तर पेमेंट फेल, परत केलं परत फेल, वाटलं सर्व्हर डाऊन असेल, दुपारी एटीएमला गेला तिथेही नाही, म्हणून शाखेत गेला तेव्हा कळलं की खात्यावर डेबिट फ्रीझ आहे. आत 4 लाख 12 हजार होते. ऐन हंगामातले.

मॅनेजर म्हणाले, "वरून आलंय, सायबरचं आहे, आमच्या हातात काही नाही, पोलिसांकडे चौकशी करा." कुठले पोलीस, कशासाठी, किती रकमेसाठी, काही नाही. इथल्या ठाण्यात गेलो तर म्हणे आमच्याकडे असलं काही नाही, खातं बँकेने बंद केलंय तर बँकेलाच विचारा. वर अंमलदार दादाला म्हणाला, "फ्रॉडचे पैसे तुझ्याच खात्यात कसे आले? काहीतरी असल्याशिवाय येत नाहीत." दादा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. गावात चाळीस वर्षं आमच्या वडिलांच्या शब्दावर लोक उधार देत होते हो.

नऊ दिवस हेलपाटे घातल्यावर, नात्यातल्या एकाच्या ओळखीने, शाखेतून एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी म्हणजे कॅलेंडरच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्यावर पेनाने चौदा आकडी नंबर आणि एक मोबाईल नंबर. सही नाही, शिक्का नाही. तो मोबाईल दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा. दहा वेळा लावल्यावर उचलला, तोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले की इथे येऊन स्टेटमेंट द्या. त्यांच्याकडूनच कळलं की 11 एप्रिलला एका पेटीचे 3,200 रुपये आले होते ते चोरीच्या पैशातले. कोणीतरी कोणालातरी फसवलं, पैसे चार खात्यांतून फिरवले आणि त्यातून आंब्याची पेटी घेतली!

3,200 साठी 4 लाख 12 हजार. राखणीच्या नेपाळ्यांचे पगार थकले, फवारणीवाला दारात, आणि पिकअपचा हप्ता उडाला म्हणून बँकेने 590 रुपये दंड लावला. खातं त्यांनीच बंद केलं आणि हप्ता गेला नाही म्हणून दंडही त्यांनीच लावला. काय करायचं सांगा. दादाने तिकडे जावं का?

---

जुनी खातेवही | 9 मे, रात्री 11:30

ताई, मी 34 वर्षं बँकेत काढून निवृत्त झालो. आधी हे कसं होतं ते सांगतो म्हणजे कुठे धक्का द्यायचा ते कळेल.

फसलेला माणूस 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करतो किंवा सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. त्या तक्रारीला नंबर पडतो, तोच तुमच्या चिठ्ठीवरचा असणार. मग पैसे ज्या खात्यात गेले तो पहिला थर, तिथून जिथे गेले तो दुसरा, असं करत प्रत्येक खात्याला खूण लागते. तुमचा दादा तिसऱ्या-चौथ्या थरात सापडलाय. आता महत्त्वाचं. बँक दोन गोष्टी करू शकते. एक म्हणजे लीन, म्हणजे 3,200 तेवढे अडकवायचे आणि बाकीचं खातं चालू ठेवायचं. दुसरी म्हणजे अख्खं खातं फ्रीझ. पुष्कळदा बँकेचं मध्यवर्ती ऑफिस अख्खंच फ्रीझ करून मोकळं होतं कारण उद्या त्यातून पैसे निघाले तर मान आपली जाईल ही भीती असते. खातेदाराचं नुकसान झालं तर कोणाचीच मान जात नाही.

शाखेला बहुतेक वेळा ते पत्र खरंच दिसत नाही. पण कुठल्या ऑफिसकडे आहे ते त्यांना माहीत असतं, आणि तुमच्या वतीने मागवणं हे त्यांचं काम आहे. "वरून आलंय" हे वाक्य मीही खुर्चीत असताना खूप वापरलंय. समोरचा माणूस उठून जायचा आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. आज तुमचं वाचून लाज वाटली.

शाखा उघडली की लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. त्यात विचारा: कुठल्या अधिकाऱ्याचा आदेश, कुठल्या तारखेचा, कुठल्या कलमाखाली, किती रकमेचा, त्याची प्रत द्या. आणि मागणी एकच, फ्रीझ काढून 3,200 चा लीन लावा. सोबत व्हॉट्सअ‍ॅपची ऑर्डर, ट्रान्सपोर्टची पावती, सातबारा, मागच्या दोन हंगामांचं स्टेटमेंट जोडा. तीच प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे अशा तक्रारी बघायला नेमलेल्याला, ईमेल करा.

---

मुलुंडकर | 10 मे, सकाळी 7:15

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आपण बँकेवर विश्वास ठेवतो तो नेमका कशाच्या जिवावर?

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवा. सप्टेंबर 2019, सकाळी लोकांच्या मोबाईलवर मेसेज आले आणि कळलं की सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील. 137 शाखा, 11 हजार कोटींच्या वर ठेवी, त्यात पेन्शनर, टॅक्सीवाले, हाउसिंग सोसायट्यांचे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले सिंकिंग फंड. आणि आत काय निघालं, तर एचडीआयएल या एका बिल्डर ग्रुपला दिलेलं साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज, एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांहून जास्त, आणि ते लपवायला 21 हजारांहून जास्त खोटी खाती. दरवर्षी ऑडिट होत होतं, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती. कोणाला दिसलं नाही. 1,000 ची मर्यादा 10,000 झाली, मग 25,000, मग 40,000, 50,000, आणि 1 लाख व्हायला जून 2020 उजाडला. जानेवारी 2022 ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन केली, आणि 5 लाखांच्या वर ज्यांचे होते त्यांना दहा वर्षांच्या हप्त्यांचं गाजर मिळालं.

फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं परत तेच. 122 कोटींच्या अपहाराची तक्रार, आणि शाखांच्या बाहेर म्हातारी माणसं रांगेत.

माझ्या सासऱ्यांचे असेच एका पतसंस्थेत अडकले, नाव लिहीत नाही. ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन तिथे जाऊन बसायचे. शटर बंद असायचं तरी जायचे. दीड वर्ष.

---

खेडेकर_वकील | 10 मे, सकाळी 9:50

ताई, कायद्याची बाजू.

बँक खातं ही "मालमत्ता" आहे आणि तपासात पोलीस ते गोठवू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच ठरवलंय, महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी. त्यामुळे पोलिसांना अधिकारच नाही असं कोणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम 102 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 106. पण त्याच कलमात लिहिलंय की जप्तीची खबर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला ताबडतोब द्यायची. ती दिली का, कुठल्या कोर्टाला दिली, हे लेखी विचारा. बरेचदा दिलेलीच नसते.

दुसरं, संशयित रक्कम एवढीशी असताना अख्खं खातं बंद ठेवणं चूक आहे, हे केरळ हायकोर्टाने 2023 ला आणि मद्रास हायकोर्टाने 2024 ला सांगितलंय. बँकेच्या अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

तिसरं, फोनवर "इथे या" म्हटलं म्हणून धावत जायचं नाही. साक्षीदाराला बोलवायला लेखी नोटीस लागते. त्या अधिकाऱ्याला ईमेल करा, सगळे कागद जोडा, आणि लिहा की तपासाला पूर्ण सहकार्य आहे, जबाब ऑनलाइन किंवा इथल्या पोलीस ठाण्यामार्फत घ्यावा. नाहीच हललं तर त्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, किंवा हायकोर्टात रिट याचिका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खर्चाच्या बाबतीत खरंच आहे, म्हणून आधी कागद.

---

शारदा_नागपूर | 10 मे, दुपारी 2:05

मला जरा वेगळं बोलायचं आहे, कोणी राग मानू नका.

मी निवृत्त शिक्षिका. मागच्या सप्टेंबरात मला व्हिडिओ कॉल आला, समोर पोलिसांच्या ड्रेसमधला माणूस, मागे ठाण्यासारखी खोली, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. मी पाणी प्यायला उठायची परवानगी मागत होते त्याला. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही हे मला नंतर कळलं. 1 लाख 80 हजार मी स्वतःच्या हाताने पाठवले. भाची घरी आली म्हणून सुटले, तिने लगेच 1930 लावला, आणि त्यातले 62 हजार कुठल्यातरी खात्यात अडकवता आले. तेवढेच. बाकीचे गेले.

तर ताई, खाती गोठवायलाच नकोत असं मला म्हणवत नाही. तुमच्या दादाकडे आलेले 3,200 माझ्यासारख्याच कोणाचे तरी असतील.

पण पोलिसांचं म्हणाल तर माझाही अनुभव तोच. पहिल्या दिवशी म्हणाले ही आमची हद्द नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले एफआयआर कशाला, साधा अर्ज द्या. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. चौथ्या दिवशी माझ्या मुलाच्या वयाच्या एका पोराने विचारलं, "शिकलेल्या असून एवढं कळलं नाही का मॅडम?" मी चाळीस मुलांच्या वर्गासमोर तीस वर्षं उभी राहिले, त्या बाकावर मात्र मला मान वर करता आली नाही. आणि ते 62 हजार? आठ महिने झाले. अडकलेत, पण माझ्याकडे आलेले नाहीत.

---

खेडेकर_वकील | 10 मे, दुपारी 3:20

शारदाताई, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा ललिता कुमारी निकाल. हद्दीचं कारणही चालत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा एफआयआर, आता संहितेच्या 173 मध्येच आहे. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालय असेल तर वरिष्ठांना लेखी, आणि मग मॅजिस्ट्रेट. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, 2014 च्या दुरुस्तीने आलेलं. तुमचे अडकलेले पैसे परत मिळवायला कोर्टात ताब्यासाठी अर्ज करावा लागतो, तो कोणी तुमच्या वतीने आपोआप करत नाही. मला मेसेज करा, नमुना पाठवतो. फी वगैरे काही नाही.

---

खाकीच्या घरातली | 10 मे, रात्री 11:55

मी लिहू की नको असा दिवसभर विचार केला. माझे मिस्टर एका जिल्ह्याच्या सायबर शाखेत आहेत. शारदाताईंशी ज्याने असं बोललं त्याचं मी समर्थन करणार नाही, आमच्या घरातही करणार नाही.

पण त्या पहिल्या तासात काय असतं ते सांगते. तक्रार आली की पैसे पळत असतात, एका खात्यातून दहात, दहातून पन्नासात. त्यातला चोर कोण आणि आंबे विकणारा कोण हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकदम पत्र जातं. हे चुकीचं आहे असं मला वाटत नाही, तसं केलं नसतं तर शारदाताईंचे 62 हजारही गेले असते. चूक पुढे होते. जो आंबेवाला आहे त्याला सोडायचं काम कोणाच्याच नावावर नसतं. गोठवल्याचा हिशोब वरिष्ठ मागतात, आढावा बैठकीत आकडा सांगावा लागतो. सोडल्याचा हिशोब कोणी मागत नाही. मधेच बदली झाली की फाइल तिथेच राहते आणि नवीन माणूस म्हणतो हे माझ्या आधीचं आहे. मिस्टर जेवायला बसले की अनोळखी नंबरवरून फोन येतात, कोणी रडतं, कोणी शिव्या देतं. ते घेतात. सगळे घेत नाहीत.

ताई, ईमेल सकाळी साडेदहा-अकराला पोचेल असा करा आणि विषयात चौदा आकडी नंबर आधी टाका. त्याशिवाय कोणी उघडत नाही. फोनवर फार बोलू नका, "नंबर अमुक, कागद पाठवलेत" एवढंच.

---

भाऊ_सातारा | 11 मे, सकाळी 8:30

ताई स्पष्ट सांगतो, आमच्याकडे एका मोबाईलवाल्याचं असंच झालेलं, तिकडचा एक एजंट भेटला, पंधरा हजार घेतले आणि चार दिवसांत खातं चालू. हंगाम महत्त्वाचा की तत्त्व? आणि पुढच्या वर्षीपासून रोख घ्या.

---

कातळावरची | 13 मे, रात्री 9:10

सगळ्यांचे मनापासून आभार. शाखेत अर्ज दिला. शिक्का द्यायला काउंटरवर नाही म्हणत होते, मी खुर्चीवर बसून राहिले, जेवणाची सुट्टी झाली, परत उघडली, तेव्हा दिला.

भाऊ, तुम्ही चांगल्या भावनेने सांगितलंत पण पैसे देणार नाही. आज सकाळीच दादाला एक फोन आला, म्हणे मी त्या ठाण्यातून बोलतोय, 15,000 पाठवा, एनओसी (ना हरकत पत्र) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. दादा तयार झाला होता, वहिनीने फोन काढून घेतला. आता तो खरा पोलीस होता, एजंट होता की आणखी कोणी चोर, हे आम्हाला कळायला मार्गच नाही. तिघंही सारखंच बोलतात. तिघांकडेही आमचा चौदा आकडी नंबर असतो.

शारदाताई, तुमचं दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्या बाईंचे असतील तर 3,200 आजच देतो, पेटीसुद्धा पाठवतो, पण मला चोर म्हणू नका.

---

जुनी खातेवही | 13 मे, रात्री 10:00

रोख घ्या म्हणणं सोपं आहे, पण पुण्या-बंगळुरूचं गिऱ्हाईक रोख कसं पाठवणार? त्याऐवजी धंद्याचं करंट खातं वेगळं काढा, घरखर्चाचं आणि हप्त्यांचं दुसऱ्या बँकेत. धंद्याच्या खात्यातून रोज संध्याकाळी रक्कम हलवा. आणि प्रत्येक पेटीला नाव, पत्ता, रक्कम, तारीख अशी वहीत नोंद, बिल फाडून.

एक गोष्ट राहिली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फ्रीझची तक्रार नेलीत तर तपास यंत्रणेच्या आदेशाने केलेली कारवाई त्यांच्या कक्षेत येत नाही म्हणून परत पाठवतील. पण आदेशाची माहिती न देणं आणि स्वतः बंद केलेल्या खात्यावर हप्ता उडाल्याचा दंड लावणं, या दोन गोष्टी बँकेच्या स्वतःच्या आहेत. त्याची तक्रार वेगळी करा. आधी बँकेला लेखी, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर लोकपाल. फी लागत नाही.

---

मुलुंडकर | 14 मे, सकाळी 7:40

विषय निघालाच आहे तर एक विचारतो, ओटीपी दिलेला नाही, लिंक दाबलेली नाही आणि तरी खात्यातून गेले तर?

---

जुनी खातेवही | 14 मे, सकाळी 9:05

मग शारदाताईंसारखी केस नाही, वेगळी. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं, त्यातला नियम असा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, मधल्या कोणाची असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चूक तुमची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, तुमचं नाही. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका खातेदाराचे 94 हजार रुपये स्टेट बँकेने द्यावेत हा निकाल कायम ठेवला, त्याने 24 तासांच्या आत कळवलं होतं. काउंटरवर मात्र पहिला प्रश्न हाच येतो की ओटीपी कोणाला दिलात. तिथे "मी दिला असेन बहुतेक" असं घाबरून बोलू नका आणि तसं लिहिलेल्या फॉर्मवर सही करू नका.

---

कातळावरची | 21 मे, रात्री 8:20

अपडेट. बँकेचं ईमेलने उत्तर आलं, आदेशाची प्रत मिळाली. त्यात काय असावं? पोलिसांनी लिहिलंय की विवादित रक्कम 3,200 रोखून ठेवा. तेवढंच. अख्खं खातं गोठवा असं त्या पत्रात कुठेही नाही! महिनाभर शाखेतले सांगत होते पोलिसांनी केलंय. ती ओळ मी पिवळ्या पेनाने खूण करून मॅनेजरपुढे ठेवली. ते बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "मला हे दाखवलंच नव्हतं हो." मला वाटतं ते खरं बोलत होते.

---

खेडेकर_वकील | 21 मे, रात्री 8:45

आता सोडू नका. ती ओळ उद्धृत करून दुसरा अर्ज, सात दिवसांची मुदत, नाहीतर रिट दाखल करू असं स्पष्ट. मसुदा आज रात्री पाठवतो.

---

कातळावरची | 4 जून, सकाळी 11:15

काल, 3 जूनला, खातं चालू झालं. 3,200 वर लीन आहे, बाकी मोकळं. चाळीस दिवस.

पाऊस यंदा लवकर आला, मे संपायच्या आतच. शेवटच्या तोडणीचे आंबे खोकी नव्हती म्हणून पाठवता आले नाहीत, आढीत डागाळले, शेवटी कॅनिंगला किलोच्या भावाने घातले. राखणीचे दोघं गावी जायला निघाले होते, त्यांचे पगार काल ते गाडीत बसायच्या आधी दिले. तिकडच्या अधिकाऱ्यांनी जबाब ईमेलवरच स्वीकारला, आणि आश्चर्य म्हणजे स्वतः फोन करून सांगितलं की तुमच्याबद्दल काही नाही. दादा म्हणतो, हे एक वाक्य एप्रिलमध्ये कोणी बोललं असतं तरी झोप लागली असती.

---

शारदा_नागपूर | 4 जून, दुपारी 12:30

बरं वाटलं. माझा एफआयआर झाला, वकीलसाहेबांच्या नमुन्यावरून. कोर्टात अर्जही गेलाय. या वेळी ठाण्यात भाचीला नेलं नाही, एकटी गेले.

---

जुनी खातेवही | 4 जून, दुपारी 1:10

ताई, 590 च्या दंडाचं काय झालं? मे महिन्याचा हप्ताही उडाला असेल ना?

---

कातळावरची | 4 जून, रात्री 9:35

हो काका, दोनदा लागला. एक परत जमा झाला. दुसऱ्याला म्हणतात सिस्टीमने लावलाय, आम्हाला काढता येत नाही. उद्या अर्ज घेऊन जातेय, दोन प्रती.